आईंचं रक्त काय बोललं

ठाण्याला तपासणीसाठी रक्त द्यायला जायचं म्हटलं की आमच्या घरी आदल्या संध्याकाळपासूनच कुरबुर सुरू व्हायची. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "अगं, परवाच तर एवढ्या नळ्या भरून नेल्या. त्याचं काय केलं त्यांनी? प्याले का काय?" नवरा म्हणायचा, "आई, प्लीज." मी गप्प बसायचे, कारण तोंड उघडलं असतं तर काहीतरी वाईट बोलून गेले असते.

आम्ही डोंबिवलीत मानपाड्याला राहतो. हॉस्पिटल ठाण्यात, बाळकुमच्या बाजूला. रक्त उपाशीपोटी द्यायचं, म्हणजे सकाळी निघायचं, आणि सकाळी निघायचं म्हणजे शिळफाट्याला अडकायचं. नाहीतर वळसा घालून पश्चिमेला जायचं आणि माणकोलीच्या पुलाच्या तोंडाशी अडकायचं. कुठे अडकायचं एवढाच काय तो चॉइस. गाडीत आई उपाशी, आईंना साखरेचा त्रास, म्हणून माझ्या पर्समध्ये ग्लुकोजची बिस्किटं आणि खडीसाखर. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. माझ्या रजा कधीच संपल्या होत्या. एकदा साहेबांना म्हटलं, उद्या उशीर होईल, सासूबाईंचं रक्त आहे, तर ते म्हणाले, "अजून आहे त्यांच्यात?" मी हसले. हसण्याशिवाय दुसरं काही करायची ताकदच नव्हती.

हे सगळं सुरू झालं मेथीवरून. रविवार होता. आई खाली बसून मेथी निवडत होत्या आणि टीव्हीवरच्या सिरियलमधल्या सुनेला नावं ठेवत होत्या. नावं त्या सुनेला, पण आवाज माझ्यापर्यंत बरोब्बर पोचेल एवढा. मध्येच त्या थांबल्या. मी ओट्यापाशी उभी होते, वळून बघितलं तर उजव्या हातातली जुडी मांडीवर पडलेली आणि आई त्या हाताकडे बघतायत, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा हात आहे. "काय झालं?" मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं, पण त्या उत्तरात शब्दच नव्हते. नुसता जड, ओला आवाज. ओठाचा एक कोपरा खाली उतरलेला.  मी नवऱ्याच्या नावाने किंचाळले. तो अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आला. तो आला आणि आई त्याला म्हणाल्या, "ही ओरडते काय एवढी? पित्त झालंय मला." अगदी स्पष्ट. हातसुद्धा हलायला लागला होता. त्यांनी जुडी उचलली आणि परत निवडायला घेतली.

नवऱ्याचा पित्तावर लगेच विश्वास बसला. माणसाला जे हवं असतं त्यावर त्याचा लगेच विश्वास बसतो. मी मात्र हट्टाला पेटले आणि त्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पित्ताने जीभ जड होत नाही. उद्या-परवा नाही, आत्ता जा." चिठ्ठी ठाण्याची दिली.

तिकडे मानेला थंडगार जेल लावून मशीन फिरवलं, मग मोठ्या मशीनमध्ये झोपवलं, आणि मग रक्तवाहिन्यांच्या सर्जनसमोर बसवलं. रुंद चेहऱ्याचे, सतत दमलेले दिसणारे गृहस्थ. त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या. मेंदूला रक्त नेणारी गळ्यातली मोठी नस. डावीकडची आतून चरबी आणि चुना साचून इतकी अरुंद झाली होती की रक्त कसंबसं वाट काढत होतं. "त्यातला एक बारीक कण सुटला, वर जाऊन अडकला, आणि आजींच्या नशिबाने विरघळला," ते म्हणाले. "पुढचा विरघळेलच असं मी सांगू शकत नाही. डाव्या बाजूला बोलण्याचं केंद्र असतं. पुढच्या वेळी वाचा जाऊ शकते. कायमची. लवकरात लवकर नस उघडून साफ करायला हवी."

आईंची वाचा. आता खरं सांगायचं तर त्या आवाजाला मी विटले होते. आमच्या सोसायटीत आईंचा आवाज सगळ्यांना माहीत. खाली भाजीवाला उभा असला तर या दुसऱ्या मजल्यावरून भाव करणार. कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या तर शिट्टीपेक्षा मोठ्याने मोजणार. ऑफिसातून घरी आल्यावर चप्पल काढायच्या आत दिवसभराच्या तक्रारी. कितीदा मनात आलं असेल की देवा, या बाईला जरा गप्प कर रे. आणि त्या डॉक्टरांनी ते वाक्य उच्चारलं तेव्हा मला तिथेच, त्या खुर्चीवर, रडू फुटलं. आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू कशाला रडतेस? गळा माझा कापणारेत."

ऑपरेशन ठरलं आणि मग एक तरुण डॉक्टरबाई आल्या. त्यांचं तिथे संशोधन चालू होतं. गळ्याच्या नसेचं ऑपरेशन ज्यांचं होणार, त्यांचं रक्त आधी आणि नंतर तपासायचं, आणि नसांची तब्येत रक्तावरून कितपत कळते ते बघायचं. थोडं जास्त रक्त द्याल का, असं विचारलं. नवरा म्हणाला, घ्या. रक्त त्याचं थोडंच होतं. बाई समजावून सांगायला मात्र चांगल्या होत्या. सीआरपी म्हणजे अंगात कुठे आतल्या आत सूज धुमसतेय का त्याचा अंदाज. होमोसिस्टीन नावाचं काहीतरी असतं, ते वाढलं की नसेच्या आतलं अस्तर खरवडलं जातं. रक्त गोठवणारं एक, चरबीची चार. नवऱ्याने सगळं मोबाइलवर लिहून घेतलं आणि संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर टाकलं. कल्याणहून नणंदेचं उत्तर आलं: बीट द्या. तिच्या मागोमाग सगळ्यांनी बीट द्या, बीट द्या लावलं. मी दोन दिवस बिटाचा रस काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी आई संडासातून "मेले गं" म्हणून ओरडल्या, लाल बघून. तेव्हापासून बीट बंद.

त्याच बाईंनी आईंना विचारलं होतं, "आजी, बिडी, सिगारेट, तंबाखू असं काही?"

काय भडकल्या आई! "मी? अहो, आमच्या ह्यांची विडी मी सोडवली. घरात थोटूक दिसलं तर ताट वाढायची नाही मी. आणि मला विचारता?" सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांची विडी सोडवल्याची गोष्ट तोवर महिन्यातून एकदा तरी घरात व्हायचीच. नवरा म्हणाला, "नो, नेव्हर." मीही सांगितलं, "नाही हो, आमच्याकडे कुणी साधी सुपारी खात नाही." बाईंनी मान डोलवली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईंना दाखल केलं आणि बाईंनी आम्हा तिघांना बोलावलं. बाजूला सर्जन बसलेले. बाई जरा अवघडलेल्या होत्या. म्हणाल्या, "घरात कोणी स्मोकिंग करतं का? अगदी आजींच्या शेजारी बसून?" नवऱ्याने नाही म्हटलं. मग त्यांनी सांगितलं की तंबाखू अंगात गेली की रक्तात एक पदार्थ तयार होतो, तोही त्या मोजतात, आणि आईंच्या रक्तात तो भरपूर आहे. दुसऱ्याच्या धुराने एवढा येत नाही. स्वतः रोज घेणाऱ्यांच्यातच येतो.

आईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "रक्त बदललंय तुम्ही माझं! कुठल्या तरी पुरुषाची नळी माझ्या नावावर लावलीय!" आणि आम्ही दोघांनी त्यांची बाजू घेतली. हो ना, घ्यायलाच हवी. नवरा तर तावातावाने बोलायला लागला, लॅबच्या चुका, बेजबाबदारपणा, पुन्हा टेस्ट करा, आत्ता करा. मीही मागून, "सत्तरीच्या बाईवर असा आरोप करताना जरा विचार करायचा ना." सर्जननी नर्सला हाक मारली. पुन्हा रक्त काढलं. आईंच्या हाताच्या शिरा आधीच दमलेल्या, तीनदा सुई टोचली तेव्हा मिळाली. आम्ही खाली कॅन्टीनमध्ये जाऊन उकळून उकळून काळा झालेला चहा प्यायलो आणि हॉस्पिटलला नावं ठेवली. जरा बरं वाटलं.

संध्याकाळी आकडा तोच आला.

सर्जन आईंच्या कॉटजवळ आले. खुर्ची ओढून बसले. त्यांना घाई नव्हती, किंवा घाई करायचीही ताकद उरली नव्हती. आईंना विचारलं, "आजी, गाव कुठलं?" आईंनी सांगितलं, कराडच्या बाजूचं. "आणि सकाळी दात कशाने घासता?"

"मिश्रीनं," आई म्हणाल्या. दुसरं कशाने घासणार, अशा सुरात.

त्या क्षणी कुठे बघावं ते मला कळेना. मिश्री! अहो, ती मिश्री मीच भाजायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून ते काम माझ्याकडे. बाजारातून पानं आणायची, त्याच कामासाठी ठेवलेल्या जुन्या तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, फडक्यातून गाळायची, डबीत भरायची. भाजताना खोकून खोकून जीव जायचा. वरच्या मजल्यावरची बाई खिडकी धाडकन लावून घ्यायची. आणि दुकानात मी स्वतः काय म्हणायचे? "मिश्रीची तंबाखू द्या." ज्या तोंडाने दुकानात तंबाखू म्हणायचे त्याच तोंडाने हॉस्पिटलात नाही म्हणाले. खोटं नाही बोलले. डोक्यातच आलं नाही. तंबाखू म्हणजे व्यसन, ते पुरुषांचं, पानाच्या टपरीवरचं. मिश्री म्हणजे दात घासणं. आमच्या घरात या दोन गोष्टी कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या.

नवऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. आई सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होत्या. "काय झालं? मिश्री का तंबाखू असते? ती भाजलेली असते."

"माझी आजीपण लावायची," सर्जन म्हणाले. "मला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं." मग त्यांनी शांतपणे सांगितलं की भाजली तरी ती तंबाखूच, हिरडीतून थेट रक्तात जाते, आणि ज्या नसा आधीच खराब आहेत त्यांना ती काही बरी करत नाही. ऑपरेशन पुढे ढकलून उपयोग नाही, ते उद्याच करू. पण आजपासून मिश्री बंद.

आई एकदम लहान दिसायला लागल्या. सासऱ्यांच्या विडीची गोष्ट त्यानंतर घरात कुणी काढली नाही, त्यांनीही नाही.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघं कॉरिडॉरमधल्या लोखंडी खुर्च्यांवर बसलो होतो. नवरा मोबाइल उघडायचा आणि बंद करायचा. शेवटी सर्जन बाहेर आले, हातात एक छोटी प्लास्टिकची डबी. नातेवाइकांना दाखवतात म्हणे. नवऱ्याने तोंड फिरवलं, मी बघितलं. पिवळट, कडक, वाळलेल्या साबणाच्या चिपटीसारखा तुकडा. एवढ्याशा वस्तूने आमच्या घराचा पार बट्ट्याबोळ केला होता. आत गेलो तेव्हा आई अर्धवट जाग्या होत्या, मानेवर पट्टी. सर्जननी विचारलं, "आजी, मला ओळखलं का?"  आई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच ना गळा कापला माझा." मी तिथेच हसायला लागले आणि मग हसता हसता रडायला लागले. नर्स म्हणाली, मॅडम, बाहेर जाऊन रडा.

मला वाटलं, सुटलो. कसलं सुटतोय. उजव्या बाजूची नसही निम्मी भरलेली होती. तिचं ऑपरेशन आत्ता नको, गोळ्या द्यायच्या आणि बघत राहायचं, पण तंबाखू चालू राहिली तर ती जाणार आणि साफ केलेलीही परत भरणार, असं सर्जननी तोंडावर सांगितलं. महिन्या-दीड महिन्याने येऊन रक्त द्यायचं. शिवाय रोज सकाळी आईंची परीक्षा घ्यायची. दोन्ही हात वर करायला लावायचे, हसायला लावायचं, एक पूर्ण वाक्य बोलायला लावायचं. काही वेडंवाकडं दिसलं तर तडक निघायचं.

मग काय, सुरू झालं. सकाळी उठल्या उठल्या मी, "आई, बोला." नवरा ऑफिसला पोचला की फोन, "आई, बोल काहीतरी." दुपारी नणंदेचा व्हिडिओ कॉल, "आई, हसून दाखव ना." शेजारच्या काकू दारातून, "काय आजी, आज आवाज नाही?" आधी ज्या बाईने जरा गप्प बसावं म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसायचो, तिला आता दिवसभर कुणी ना कुणी बोलायला लावत होतं. आईंची चिडचिड वाढली. पोट साफ होईना, डोकं दुखायचं. पेस्टची ट्यूब त्यांनी एकदा मोरीत भिरकावून दिली. "ह्यानं तोंड गोड होतं. दात घासल्यासारखं वाटत नाही."

पहिल्या तपासणीत तंबाखूचा आकडा खाली आला होता, पण गेला नव्हता. सीआरपीही वरच. बाईंनी त्या आकड्याभोवती पेनाने गोल काढला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. तो गोल मला फार लागला. घरी येऊन मी आईंचं कपाट उपसलं. नऊवारीच्या घड्यांमध्ये मिश्रीची पुडी सापडली. खालच्या मजल्यावरच्या आजींनी पुरवलेली. नवरा त्या दिवशी जे बोलला ते मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "तुला मरायचंय का? मग मर ना, आम्हाला कशाला पळवतेस ठाण्याला?" आई भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. तो बाथरूममध्ये गेला, नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल. मी दोघांना चहा दिला. कुणी प्यायलं नाही, मीच सगळा बेसिनमध्ये ओतला.

त्यानंतर रोज सकाळी मी आईंच्या तोंडाचा वास घ्यायला लागले. "आई, आ करा." त्या आ करायच्या. मी वाकून वास घ्यायचे, हिरड्या बघायचे. माझ्या सासूच्या हिरड्या! एकदा त्या म्हणाल्या, "माझी सासू खाष्ट होती, पण एवढी नव्हती." मला स्वतःची इतकी किळस आली की त्या दिवशी डबा घेतलाच नाही. पण दुसऱ्या दिवशी परत, "आई, आ करा." दुसरा मार्ग सुचतच नव्हता.

पुढच्या तपासणीत आकडा गेला. म्हणजे जवळजवळ शून्य. सीआरपी उतरली, बाकीचंही जागेवर यायला लागलं होतं. डॉक्टरबाई मनापासून खूश झाल्या. सर्जन म्हणाले, "शाब्बास, आजी. कठीण काम केलंत." नवऱ्याने खाली उतरून पेढे घेतले, आईंना साखर, म्हणून त्यांना अर्धाच दिला. परत येताना पूल ओलांडेपर्यंत आई खिडकीतून खाडीकडे बघत होत्या. एक शब्द नाही. मी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" त्या म्हणाल्या, "बोलले ना तिथं. झालं की आजचं बोलून." मला वाटलं, दमल्या असतील.

त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी डबे भरत होते. एका गॅसवर पोळी, दुसऱ्यावर भेंडी, नवरा आंघोळीला. आई गॅलरीत स्टुलावर बसलेल्या, पाठ माझ्याकडे. मी आतूनच ओरडले, "आई, बोला काहीतरी." उत्तर नाही. "आई?" काही नाही. "आई, ऐकू येतंय का?"

हातातलं लाटणं तसंच घेऊन मी धावले. समोर जाऊन बघितलं तर आईंचे ओठ घट्ट मिटलेले, गाल ताठ, डोळे मोठे झालेले. माझ्याकडे बघत होत्या आणि बोलत नव्हत्या.  गेली. वाचा गेली. एवढं सगळं करून गेली. "आई, हात वर करा! दोन्ही हात वर करा!" मी किंचाळत होते. त्यांनी दोन्ही हात वर केले. एका हातात स्टीलचा पेला. मग माझ्या डोक्यात दुसरंच आलं आणि भीतीची जागा रागाने घेतली. मिश्री. परत मिश्री. "आ करा! आत्ताच्या आत्ता आ करा!" मी त्यांचे गाल धरले. त्यांनी माझा हात बाजूला केला, वाकल्या, आणि कढीपत्त्याच्या कुंडीत चूळ टाकली.

"पाणी आहे गं," त्या म्हणाल्या. "नुसतं पाणी."

मी फरशीवरच बसले. आत पोळी करपल्याचा वास यायला लागला होता, पण उठवेना. "मग बोलायचं ना! जीव गेला ना माझा इथे!"

"बोलले असते तर पाणी कसं राहिलं असतं तोंडात?"

मी उठून गॅस बंद केला आणि परत आले. आई पेल्याकडे बघत बोलायला लागल्या. आवाज मोठा नव्हता. मी तो एवढा हळू कधी ऐकला नव्हता.

"लग्न होऊन आले तेव्हा घरात माणसं किती होती! पाणी आणायचं, चूल, गुरं, भाकऱ्या. एकाची हाक संपली की दुसऱ्याची. पण मिश्री लावताना हाक मारायची नाही, अशी रीत होती. बाईचं तोंड भरलेलं आहे, ती बोलणार कशी? सासूसुद्धा थांबायची. तिनंच पहिल्यांदा माझ्या बोटावर चिमूट ठेवली, म्हणाली, घे, बस जरा. तेवढं बसायला मिळायचं बघ. मग आम्ही गाव सोडून इकडं कोपरला चाळीत आलो, तिथं मोरीत बसायची. ह्यांनी कधी मिश्रीच्या वेळेला हाक मारली नाही. तुझ्या नवऱ्यानं पण नाही, लहान असताना रडायचा, पण थांबायचा." त्या थांबल्या. "तंबाखूचं मला काही नाही गं. पहिले दिवस जड गेले, मग गेली ती. पण आता तोंड रिकामं दिसतं ना सगळ्यांना. उठल्यापासून बोला, बोला, बोला. म्हणून पाणी धरून बघत होते, तसं वाटतं का ते."

"वाटतं?" मी विचारलं.

"जरा वाटतं."

 त्यांच्या नसेत काय साचलंय ते आम्ही एवढ्या वेळा बघून आलो होतो, आणि ही गोष्ट कुणी विचारली नव्हती. मी रोज त्यांच्या तोंडात डोकावत होते, पण हे मात्र मला दिसलं नव्हतं. आणि खरं म्हणजे मला त्यांचा हेवाही वाटला. त्यांच्या सासूने त्यांना निदान बसायची सोय तरी करून दिली होती.

आतून बाथरूमचं दार वाजलं. "अगं, माझा निळा शर्ट कुठंय? आई, तू बघितलास का गं?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. दोन्ही हात वर केले, दात दाखवून हसल्या, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आज मंगळवार आहे, पोळी करपली आहे. झालं तुझं?" झालं, म्हटलं. मग त्यांनी पेल्यातलं पाणी तोंडात घेतलं, गाल फुगवले आणि पेला माझ्यापुढे धरला.

"अगं, कोणीतरी सांगा ना! आई! अगं!" नवरा आतून ओरडत होता.

मी पेला घेतला, आईंच्या शेजारी उंबऱ्यावर टेकले, पाण्याचा मोठा घोट घेतला आणि गिळला नाही.